विहिरीतलं विलायती लोणी

माझ्या वडिलांना कुणी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि आम्हा घरच्यांना त्याचा केवढा अभिमान होता. आता मला त्याचाच राग येतो. राग यायला पुष्कळ वर्षं लागली, पण एकदा आला तो गेला नाही.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या अंगाला. ओलिताची थोडी जमीन, तिच्यात वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माल आर्वीच्या बाजारात जायचा. घर महानुभाव पंथाचं. आईवडील दोघांनीही उपदेश घेतलेला, आणि थोरल्या बहिणीनं तर लग्नाआधीच हट्टानं घेतला होता. मांसमच्छीचं, अंड्याचं घरात नावच नको. बाबा वांग्यावरची अळीसुद्धा चिरडत नसत. पानासकट खुडायची आणि धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाबाहेर, नेऊन सोडायची. आमच्यात नमस्काराला दंडवत म्हणतात, त्यावरून शेजारचे लोक चिडवायचे, "भाऊ, थे अळी उद्या दंडवत करत वापस येते पाहा तुमच्याच वांग्यावर." बाबाही त्यांच्याबरोबर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अळ्या वेचायला बसायचे.

थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. माझ्यापेक्षा थोडीच मोठी, पण घरात तिचा शब्द मोठा. स्वातंत्र्य येऊन पाचसहा वर्षं झाली असतील, तेव्हा तिच्या सासरच्यांनी तिला दमणीत घालून आमच्या दारात आणून सोडलं. हवापालटासाठी आणली, म्हणाले. हवा काय आमच्याकडे वेगळी होती? तिला क्षय झालाय हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि आम्हाला ते तिच्या खोकल्यावरून अंगणातच कळलं. बैल सोडलेसुद्धा नाहीत त्यांनी. पाणी पिऊन उभ्या उभ्याच परत फिरले.

बाईला स्वयंपाकघराला लागून असलेली खोली दिली. मधे नुसती कुडाची भिंत. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण रोज उन्हात. तिचं खाणंपिणं मी बघायचं असं ठरलं, कारण मायचे हात दिवसभर शेतात अडकलेले. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं ते आपोआप थांबलं. क्षयाच्या घरातली मुलगी कोण करणार? खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटलं नाही. बाई परत आली याचाच मला आधी आनंद झाला होता, इतकी मी मूर्ख होते.

वर्ध्याला एक धर्मादाय दवाखाना होता. माय तिला मोटारीनं तिथं घेऊन जायची. तिथले डॉक्टर फार बोलत नसत. पहिल्याच भेटीत त्यांनी मायला सांगितलं, "सुया आहेत आमच्याकडे. पण सुई काम करते ती अंगात काही असलं तर. हिला खाऊ घाला. अंग भरलं तर जगेल." माय घरी येऊन हेच वाक्य सगळ्यांना सांगत राहिली. त्यानंतर आमच्या घरात एकच प्रश्न होता, बाईच्या पोटात आज काय गेलं.

आणि तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. घरी गाय होती, दुभती. पण दूध प्यायली की तासाभरात पोट धरून बसायची, नाहीतर ओकून टाकायची. ताक दिलं की खोकला उसळतो म्हणून मायनं ते बंद केलेलं. तुपाचा वास सहन होईना. भाकर घशाखाली उतरेना. ज्वारीच्या कण्या पातळ करून मी चमच्यानं भरवायची, त्यात डाळीचं पाणी घालायची. तेवढ्यावर माणूस किती दिवस काढणार? डॉक्टरांनी एकदा अंड्याचं सुचवून पाहिलं. बाबा त्या वेळी सोबत गेले होते. ते रागावले नाहीत. "थे राहू द्या, डॉक्टरसाहेब," एवढंच म्हणाले.

मग तो डबा आला. परदेशातून मदत म्हणून दुधाची भुकटी यायची, तिच्याबरोबर दवाखान्यात काही पत्र्याचे गोल डबे आले होते. आत पिवळाधमक गोळा. नर्सबाई दक्षिणेकडची होती, तोडकंमोडकं हिंदी बोलायची. तिनं एक डबा कापून मायच्या हातात दिला. मायनं दहादा विचारलं, यात काय हाये? "दूध है, माँजी. दूध और नमक. विलायती मक्खन समझो." मायनं घरी येऊन बाबांना तसंच सांगितलं. बाबांनी गोळा हातात घेतला, वास घेतला, कडेची एक कपची काढून बोटांवर चुरून पाहिली. "दूध हाये तं खाऊ द्या," म्हणाले.

मी भीतभीतच बाईला एक तुकडा दिला. तिनं तो तोंडात धरून ठेवला. मला वाटलं, आता ओकते. पण तिनं हळूहळू चावला, गिळला आणि म्हणाली, "खारट हाये वं. अजून दे." मी रडायलाच लागले. दिवस मावळेपर्यंत मी आणि माय तिच्या पोटाकडे लक्ष ठेवून बसलो. काही झालं नाही. दूध पोटात ठरत नव्हतं, पण दुधाचं हे जे काही केलेलं होतं ते ठरत होतं. त्याला चीज म्हणतात हे मला फार पुढं कळलं; ते का ठरतं हे तेव्हा आम्हाला कळलं नाही आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. काही दिवसांनी तिच्या गालांवरचं ताणलेलं कातडं जरा सैलावलं, डोळ्यांत तेज दिसायला लागलं. एक दिवस तिनं माझ्याकडून वेणी घालून घेतली.

आता मोठी काळजी लागली ती डबा टिकवायची. चैत्र संपत आलेला, आमच्याकडचं ऊन म्हणजे दुपारी घरातला गूळसुद्धा पाझरतो. नर्सबाईनं सांगितलं होतं, झाकून ठेवा, थंड जागी ठेवा. थंड जागा कुठून आणायची? मी डबा ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाशेजारच्या ओल्या वाळूत ठेवला. तर गोळ्याला घाम फुटला, वरून तेल सुटलं, आणि दोन कडांना हिरवट बुरशी धरली. शिंक्यावर टांगला तर मुंग्या दोरीवरून उतरल्या. मी बुरशी खरवडायची, पुन्हा फडकं भिजवायची. माय ते बघत होती आणि तिचा जीव वरखाली होत होता.

मायच्या हिशेबात दुधाचं जे टिकवायचं ते कढवायचं. लोणी कच्चं ठेवलं तर खवट होतं, कढवलं की वर्षभर राहतं. नर्सबाईनं तर तोंडानं सांगितलं होतं की हे विलायती लोणी. तेव्हा एका सकाळी मायनं चूल पेटवली, लोण्याची कढई धुऊन पुसून ठेवली, उरलेला सगळा गोळा तिच्यात टाकला आणि रिवाजाप्रमाणे विड्याचं एक पान सोडलं. मी शेजारी बसून होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, आधीच का नाही सुचलं आपल्याला?

गोळा वितळला. मायनं पळी घातली तर पळीबरोबर लांबच लांब तार निघाली. तूप असं करत नाही. तिनं जाळ वाढवला. कडेनं थोडं तेल सुटलं आणि बाकीचं तळाला धरलं, काळं पडलं, फुगलं. मग जो वास सुटला तो मी अजून विसरले नाही. केस किंवा शिंग जळाल्यावर सुटतो तो वास. गल्लीतली एक शेजारीण दाराशी येऊन म्हणाली, "काय जाळून राह्यले व माय? ढोर मेलं काय कोणाचं?" मायनं कढई उतरवून अंगणात नेली. तिचा चेहरा उतरला होता, आणि कढईत जळलं होतं ते बाईचं खाणं होतं.

बाबा शेतातून आले ते त्या वासातच. कढईजवळ उकिडवे बसले, बोटानं खरवडून पाहिलं. "दूध जळते तं असा वास येत नाई," ते म्हणाले. मायनं म्हटलं, विलायती हाये, वेगळं असन. बाबांनी बोट मातीला पुसलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं ते एकटेच वर्ध्याला गेले.

तिथं काय झालं ते त्यांनी मायला स्वयंपाकघरात बसून सांगितलं, आणि मी तिथंच होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, यात जीव हाये काय? डॉक्टरांनी सांगितलं की जीव नाही, पण दूध घट्ट जमवायला, आपण दह्याला विरजण लावतो तसं, त्या मुलुखातले लोक दूधपित्या वासराच्या पोटातलं काही घालतात. पोटातलं काढायचं तर वासरू मारावंच लागतं. या डब्यात तेच घातलंय का, हे मात्र आपण छातीठोक सांगू शकत नाही, डबा कुठून आला ते आपल्यालाही माहीत नाही, असंही ते म्हणाले. आणि जाताजाता म्हणाले की मुलगी खात असेल तर खाऊ द्या, बाबा. बाबांनी त्यांना दंडवत म्हटलं आणि निघून आले.

"तिले सांगू नका," बाबा मायला म्हणाले. "खाल्लं थे नकळत खाल्लं. पन आता घरात आनाचं नाई." माय चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं विझत आलेलं लाकूड आत सारलं. पलीकडे कुडाच्या भिंतीमागे बाईचा खोकला त्या वेळी अगदी बंद होता.

डबा संपला असं आम्ही बाईला सांगितलं. तिनं विचारलंही नाही की दुसरा कधी येणार. पुन्हा कण्यांचं पाणी आणि डाळीचं पाणी सुरू झालं. गालाची हाडं पुन्हा वर आली. तिच्या पाठीला तेल लावताना मला हात जपून फिरवावा लागायचा, इतकी हाडं टोचायची. रात्रीचा ताप सकाळपर्यंत रेंगाळायला लागला. वर्ध्याला गेली की डॉक्टर तिचा दंड दोन बोटांत धरून बघत आणि मायकडे बघत.

एकदा माय तिकडून आली आणि बाईला अंथरुणावर टेकवून मला तशीच शेतावर घेऊन गेली. लुगड्याच्या ओच्यात डबा होता. नवा. मला ती म्हणाली, "पाप लागन तं मले लागन. तुय तोंड बंद ठेवजो." मी मायकडे बघत राहिले. जिनं आयुष्यात अंड्याचं टरफल ओलांडलं नव्हतं, ती माय ही. तिनं गोळा फडक्यात गुंडाळून कडीच्या पितळी डब्यात भरला, कडीला दोर बांधला आणि डबा विहिरीत सोडला, मोटेच्या समोरच्या कोपऱ्यात, पाण्याला टेकणार नाही असा. दोराचं टोक दगडाखाली दाबलं. गावात त्या दिवसांत याहून थंड जागा नव्हती. बुरशी नाही, मुंगी नाही, तेल सुटणं नाही. तेवढं एक आम्हाला शेवटी बरोबर जमलं.

मी रोज पाणी वळवायच्या निमित्तानं जायची, तुकडा काढून पानात बांधून आणायची. माय तो गरम कण्यांत विरघळवायची. बाईनं पहिला घास घेतला तेव्हा तिचा चमचा क्षणभर थांबला. तिला चव कळणारच होती. पण तिनं खाल्लं, वाडगा पुसून खाल्लं. आम्ही दोघींनी तिच्याकडे बघायचं टाळलं. पुन्हा तिच्या पोटात अन्न ठरू लागलं.

बाबांना कळलं ते मोटेमुळे. मोटेच्या नाड्यात, म्हणजे बैल ओढतात त्या जाड दोरात, आमचा दोर अडकला. मी वाफ्यात होते, तिथूनच दिसलं की बाबांनी बैल थांबवले, वाकून दोर ओढला, डबा वर घेतला, उघडला. मी जागच्या जागी उभी राहिले. पाणी वाफा फोडून वाहायला लागलं तरी मला हलता येईना. मोट जिथं रिकामी होते त्या थारोळ्याच्या काठावर बाबा डबा मांडीवर घेऊन बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी झाकण लावलं, कडी घातली, दोर नीट बांधला आणि डबा पुन्हा विहिरीत सोडला. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "गाठ ढिली होती." त्यांनी मायला काही विचारलं नाही. मी त्या दिवशी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला असता.

त्या विहिरीचं पाणी बाबा कातड्याच्या मोटेनं उपसत होते, आणि मोटेचं कातडं काही झाडाला लागत नाही. पायात वहाणा होत्या त्याही कातड्याच्या. हे मी त्यांना तेव्हा म्हणाले असते तर ते म्हणाले असते की ते मेलेल्या जनावराचं असतं, मारलेल्या नाही. त्यांच्याकडे उत्तर असायचं. मनातल्या मनात मी त्यांच्याशी अजून भांडते आणि दर वेळी तेच उत्तर मिळतं.

मृग जवळ आला होता. बाईला उठून दाराशी बसता येत होतं. एक दिवस सकाळीच ती मला म्हणाली, "आज जेवताना बाबाले इथं बसाले सांग." मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून बोलावतेय. बाबा आले, उंबऱ्यावर बसले. बियाण्याच्या मिरच्यांची टोपली सोबत आणली होती, ते देठ खुडत बसले. मी वाडगा बाईपुढे ठेवला. माय पळी हातात घेऊन दाराशी आली.

बाईनं चमचा उचलला आणि खाली ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "यात काय हाये?"

ती रागानं विचारत नव्हती. लहानपणी बाबांच्या खिशाला हात घालून विचारायची, काय आणलं, तसा आवाज होता. बाबांचे हात थांबले. मायनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बघणं दगडालाही कळलं असतं. काय बिघडलं असतं? दूध हाये, एवढं म्हणायचं होतं. तेही खोटं नव्हतं. मले मालूम नाई म्हणाले असते तरी चाललं असतं, डॉक्टरांनी तर तेच सांगितलं होतं. मी मनात म्हणत होते, बाबा बोला, लवकर बोला.

"दूध हाये, बाई," बाबा म्हणाले. "मीठ हाये. अन् दूध जमवाले वासराच्या पोटातलं काही घालते, म्हनते. यात हाये का नाई, नक्की कोनाले मालूम नाई. पन असू शकते."

"बरं," बाई म्हणाली.

तिनं वाडगा हळूच बाजूला सारला, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी. पदरानं बोटं पुसली. "भूक नाई आता," म्हणाली आणि भिंतीकडे कूस करून निजली. मायच्या हातातली पळी खाली पडली ती कुणी उचलली नाही. बाबा पुन्हा मिरच्यांचे देठ खुडायला लागले. नंतर टोपलीत पाहिलं तर त्यांनी मिरच्या फेकून देठ ठेवले होते.

त्यानंतर तिनं ते तोंडाला लावलं नाही. मायनं पाय धरले. डॉक्टरांनी समजावलं. मी शिव्या दिल्या, माझं तोंड तेव्हाही असंच होतं. बाई सगळ्यांना नुसती "बरं" म्हणायची. पुढं पुढं कण्यांचं पाणीही नको झालं. सुया देणं डॉक्टरांनी थांबवलं. बाबा रोज तिच्या उशाशी बसायचे, तिचा हात हातात घेऊन. ती त्यांच्यावर रागावलेली नव्हती, हे बघणंच मला सहन होत नव्हतं. कपाशी गुडघ्याएवढी झाली तेव्हा ती गेली. आमच्या पंथात जाळत नाहीत, पुरतात; पाऊस चालू होता आणि खड्डा खणणाऱ्यांना आतलं पाणी उपसून काढावं लागलं.

घर पुन्हा चालू झालं. माय बाबांशी भांडली नाही, अबोलाही धरला नाही. वाढत होती, हाक मारत होती, बाजाराचं विचारत होती. त्यामुळे मला वाटलं, तिनं ते गिळलं. वेचणीचे दिवस आले. एका दुपारी बाबा जेवायला बसले होते, माय भाकर थापत होती, मी लाकडं सारत होते. बाबांनी घास हातात धरला आणि विचारलं, "मी खोटं बोलाले पायजे होतं काय?"

मायनं भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "तिले पहिलेपासून मालूम होतं. भिंतीपल्याड सारंच आयकू जाते. तिनं तुमाले इचारलं नवतं. तिनं थे खोटं मागतलं होतं तुमाले."

बाबा घास ताटात ठेवून उठले. बैल सोडून येतो, म्हणाले आणि बाहेर गेले. बैल केव्हाचे सुटलेले होते.